पाठीचें ऋण

प्रवासाचा आनंद हा निष्पाप आनंदांपैकीं एक होय, अशी सुशिक्षित समाजाची साधारण समजूत आहे. मद्यपानानें शरीर बिघडतें, जुगारानें घर बुडतें, सत्तेच्या लोभानें मन कठोर होतें; पण डोंगर पाहून, अरण्यांतून हिंडून, हरणांचा कळप दुरून न्याहाळून कोणाचें काय बिघडतें? उलट अशा दर्शनानें मन उदार होतें, असें आपण मानितों आणि मुलांच्या निबंधांत तसें लिहवूनही घेतों. या समजुतींत तथ्य बरेंच आहे. परंतु ज्या आनंदाविषयीं आपली इतकी खात्री असते त्याचा जमाखर्च आपण सहसा पाहत नाहीं. न तपासलेली वही उघडून पाहणें हें नीतिविचाराचें एक काम असल्यामुळें, घोड्यावर बसून वनश्री पाहण्याच्या साध्या सुखाची थोडी झडती घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या सुखाच्या चित्रांत दोन प्राणी असतात. ज्याच्याकडे आपण पाहतों तो एक, आणि ज्याच्यावर बसून आपण पाहतों तो दुसरा. पहिल्याच्या स्वातंत्र्याचें आपल्याला केवढें कौतुक! अमेरिकेंतील यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांत अस्वल आणि लांडगा यांच्यापासून १०० यार्ड, आणि बायसन नांवाचा केसाळ रानबैल, एल्क जातीचें मोठें हरिण इत्यादि इतर वन्य प्राण्यांपासून २५ यार्ड दूर राहिलें पाहिजे, असा नियम आहे. त्यांच्या चरण्यांत किंवा विश्रांतींत व्यत्यय आणणें हा अपराध समजला जातो. आणि हा मोकळा प्राणी आपण पाहतों तो मात्र, ज्याच्या तोंडांत लोखंड, पोटाला तंग आणि पाठीवर खोगीर आहे अशा दुसऱ्या प्राण्यावर मांड ठोकून. एकाच्या मोकळेपणाचें दर्शन दुसऱ्याच्या बंधनावर बसून घ्यावें, यांत कांहीं विसंगति आहे काय? आणि असेल, तर त्या आनंदाचें काय करावें? आमचा प्रश्न एवढाच आहे.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून याच उद्यानाचें उदाहरण पुढें चालवूं. १ मार्च १८७२ रोजीं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनीं सही केलेल्या कायद्यानें हें उद्यान अस्तित्वांत आलें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ९,००० चौरस किलोमीटर असून, बहुतेक भाग वायोमिंग संस्थानांत व थोडथोडा माँटाना आणि आयडाहो या संस्थानांत आहे. उकळत्या पाण्याचे कारंजे, रंगीत कुंडें, खोल दरी आणि तींतून कोसळणारे धबधबे यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. या प्रदेशाची कीर्ति शहरांत पोंचविली ती घोड्यांनीं. १८७१ सालीं भूशास्त्रज्ञ हेडन यांची मोहीम तेथें गेली, तींत जॅक्सन हे छायाचित्रकार आणि मोरन हे चित्रकार होते. मोरन कृश प्रकृतीचे, खोगिराची संवय नसलेले. ते खोगिरावर उशी घालून बसत. या दोघांच्या चित्रांनीं कायदेमंडळाचें मन वळविण्यास मोठें साहाय्य केलें. मोटारीला तेथें १ ऑगस्ट १९१५ पर्यंत मज्जाव होता. ती आल्यावर घोड्यांच्या टपालगाड्या दोन वर्षांतच रस्त्यावरून नाहींशा झाल्या. तरी मोटाररस्ता जेथें संपतो त्यापलीकडच्या अफाट मुलखांत आजही मुख्यतः पायीं किंवा घोड्यावरूनच जावें लागतें.

घोड्याच्या पाठीनें स्वार वर उचलला जातो एवढेंच नव्हे. ती पाठ गेली म्हणजे त्याचें काय होतें, याचें एक उदाहरण या उद्यानाच्या इतिहासांतच आहे. १८७० च्या सप्टेंबरांत वॉशबर्न यांच्या नेतृत्वाखालीं एक मंडळी या प्रदेशांत हिंडत होती. तींतील ट्रूमन एव्हर्ट्स नांवाचे ५४ वर्षांचे गृहस्थ दाट झाडींत मागें राहिले. दृष्टि अधू, तरी पहिल्या रात्रीं त्यांना फारशी काळजी वाटली नाहीं. दुसऱ्या दिवशीं खालीं उतरून ते वाट धुंडाळीत असतां घोडा बुजून पळाला, आणि त्याच्या पाठीवरचें पांघरूण, बंदूक, आगकाड्या सगळेंच त्याच्याबरोबर गेलें. पुढें ३७ दिवस हे गृहस्थ एका कांटेरी झाडाचीं मुळें खाऊन, गरम कुंडांच्या कडेला ऊब घेऊन, आणि जवळ राहिलेल्या लहान दुर्बिणीच्या भिंगानें सूर्यकिरणांतून विस्तव पाडून जगले. दोघां शोधकांना सांपडले तेव्हां त्यांच्या अंगावर हाडें तेवढीं उरलीं होतीं.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, या ३७ दिवसांत त्या प्रदेशांत कांहींच बदललें नव्हतें. तेच पर्वत, तेंच सरोवर, तींच अरण्यें. काल जें भव्य वाटत होतें तें आज भयंकर झालें, आणि मध्यें फरक काय तो चार पायांचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनीं १७९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत भव्यतेचें विवेचन करितांना एक मार्मिक अट घातली आहे: कडा, वादळ, खवळलेला समुद्र यांचें दर्शन आपल्याला आकर्षक वाटतें, तें आपण स्वतः सुरक्षित जागीं असलों तरच. हें अगदीं खरें आहे. पण ती सुरक्षित जागा कोणी दिली, हा प्रश्न त्या विवेचनांत येत नाहीं. आमच्या मतें सौंदर्यशास्त्राचा प्रश्न येथें नीतिशास्त्राच्या दारांत येऊन उभा राहतो. ज्याला आपण "माझी दृष्टि", "माझा अनुभव" म्हणतों, तो दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर उभा असतो. आणि अरण्यांतील स्वाराच्या बाबतींत ही पाठ उपमेची नसून हाडामांसाची असते.

यावर व्यवहारी माणसाचें पहिलें उत्तर असें कीं, घोड्याला दाणावैरण मिळते, तबेला मिळतो, खरारा मिळतो. तो काम करितो व मोबदला घेतो. यांत कोणाचें देणें कोणाकडे राहिलें? हें उत्तर ऐकावयास नीटनेटकें आहे. पण ज्याला करार म्हणावयाचें त्याला निदान नकार देण्याची मुभा लागते. घोड्याला नाखुषी दाखवितां येते. तो कान मागें पाडतो, अडतो, लाथ झाडतो. पण नाखुषीचा अर्थ आपण नकार असा न करितां खोडी असा करितों, आणि खोडीवर उपाय म्हणून चाबूक ठेवितों. तेव्हां मोबदल्याची भाषा येथें लागू पडत नाहीं. चंदी ही मजुरी नव्हे. काम चालू राहावें म्हणून केलेला तो खर्च आहे.

दुसरें उत्तर अधिक विद्वत्तेचें आहे. अश्वकुळाचा उगम उत्तर अमेरिकेंतच झाला; परंतु सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं तेथील घोडा नामशेष झाला. आशियाखंडांत तो उरला, माणसाच्या हातीं आला, आणि १४९३ सालीं कोलंबसाच्या दुसऱ्या सफरींत जहाजांतून पुन्हा नव्या जगांत उतरला. म्हणजे मनुष्याच्या सेवेंत शिरल्यामुळें ही जात तरली आणि आपल्या जन्मभूमीसही परत गेली. मग ऋण असलेंच तर तें घोड्याचें मनुष्याकडे आहे, असा हा युक्तिवाद. इतिहास म्हणून यांतील घटना खऱ्या आहेत. पण जातीला झालेला लाभ व्यक्तीच्या हिशेबांत जमा धरतां येत नाहीं. एखाद्या कुळाचा वंश वाढला म्हणून त्या कुळांतल्या मुलाला विनावेतन राबविण्याचा अधिकार कोणास येत नाहीं. ज्या घोड्याच्या पाठीवर आज खोगिराचा व्रण पडला आहे, त्याला जातीच्या दीर्घायुष्याची बातमी सांगून काय उपयोग?

मग तिसरें, कडक व्रतस्थाचें उत्तर पुढें येतें: जेथें संमति नाहीं तेथें सुख घेऊंच नये. घोड्यावर बसूं नका. पायीं जा, नाहीं तर मोटारीनें जा. आम्हांला या मताविषयीं आदर आहे. परंतु तें जितकें स्वच्छ दिसतें तितकें नाहीं. गेल्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत दोन कोटींहून अधिक घोडे होते. यंत्रें आलीं, आणि १९६० च्या सुमारास ते तीस लाखांच्या आसपास उरले. ते जे कमी झाले ते मुक्त होऊन कुरणांत गेले नाहींत. बहुतेकांच्या वाट्यास खाटिकखाना किंवा निपुत्रिक मरण आलें. माणसानें आपला हात काढून घेतला म्हणजे घोडा मोकळा होत नाहीं. तो बेवारस होतो. मोटारीचेंही तेंच. तिच्या तोंडांत लगाम नसतो हें खरें; पण तिला रस्ता लागतो, तेल लागतें, आणि तिच्या चाकाखालीं सांपडणाऱ्या हरणाची संमति कोणी विचारीत नाहीं. हात निर्मळ राहावेत ही इच्छा चांगली आहे; परंतु हात खिशांत घातल्यानें ते निर्मळ होतातच असें नाहीं.

आणि हिशेब केवळ घोड्यापाशीं संपत नाहीं. निर्जन, अस्पर्श अरण्य असें ज्याचें वर्णन होतें तें यलोस्टोन निर्जन नव्हतें. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे टुकुडिका नांवाचे शोशोनी लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्याच मेंढ्यांच्या शिंगांचीं तीं बळकट धनुष्यें करीत आणि घोड्याऐवजीं कुत्र्यांच्या पाठीवर ओझीं लादीत. उद्यान झाल्यावर प्रवाशांना भय वाटूं नये म्हणून १८७० च्या दशकाच्या अखेरीस या लोकांना बाहेरच्या राखीव वसाहतींत हलविण्यांत आलें, आणि मूळचे रहिवासी उष्ण कारंज्यांना भिऊन तिकडे फिरकतच नसत, अशी सोयीची कथा पसरविण्यांत आली. ती कथा खोटी होती. पण सुरक्षित जागा हवी असणाऱ्या प्रवाशाला ती पटली.

१८७७ सालची हकीकत याहून हृदयद्रावक आहे. नेझ पर्स हे अश्वसंवर्धनाविषयीं नांवाजलेले लोक. वालोवाचें खोरें सोडून ठरावीक वसाहतींत जाण्याचा हुकूम त्यांना झाला, लढाई जुंपली, आणि सुमारें ८०० माणसें, बायका, मुलें व म्हातारेकोतारे धरून, जवळजवळ २,००० घोड्यांसह निघालीं. पाठीमागें सैन्य असतां ऑगस्टच्या अखेरीस तीं याच उद्यानांतून गेलीं. तेथें त्यांची गांठ हौशी प्रवाशांशीं पडली. कांहीं प्रवासी धरले गेले, कांहीं जखमी झाले, दोघे प्राणास मुकले. एकाच वाटेवर, एकाच ऋतूंत, घोड्यावर बसलेलीं दोन प्रकारचीं माणसें समोरासमोर आलीं: एकांना तो डोंगर देखावा होता, दुसऱ्यांना तो आडोसा होता. ५ ऑक्टोबरला, कॅनडाची सरहद्द सुमारें ४० मैलांवर राहिली असतां, प्रमुख जोसेफ यांनीं शस्त्र खालीं ठेविलें. माणसें दूर देशीं नेण्यांत आलीं आणि घोडे काढून घेण्यांत आले. मृत प्रवाशांविषयीं आम्हांला दुःख नाहीं असें नव्हे; ते बिचारे निरपराधच होते. पण आपली सहल ज्या भूमीवर चालली आहे तिच्यावरून नुकताच कोणाचा संसार उठविला जात आहे, याची त्यांना वार्ता नसावी, हीच त्या निरपराधपणाची मर्यादा होय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आनंद निष्पाप आहे असें म्हणवत नाहीं. आनंद पाप आहे असें म्हटल्यानें कोणाचें भलें होत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें ही अडचण पाप आणि पुण्य या दोनच शब्दांत विचार केल्यानें उत्पन्न होते. आपल्या परंपरेंत तिसरा एक शब्द आहे, आणि तो आम्हांला येथें अधिक उपयोगी वाटतो. तो शब्द ऋण हा होय. मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो, असें आपले पूर्वज मानीत. आणि पंचमहायज्ञांत भूतयज्ञ घालून मुक्या जीवांचाही वांटा त्यांनीं काढून ठेविला. पापाचा आणि ऋणाचा भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. पाप टाकावयाचें असतें. ऋण फेडावयाचें असतें. पापी माणसानें तें कृत्य पुन्हा करूं नये एवढेंच आपण म्हणतों. ऋणको मात्र जेवतो, खातो, हिंडतो, केवळ आपण कोणाचें देणें लागतों हें तो विसरत नाहीं. ऋण असणें ही लाजेची गोष्ट नव्हे. तें नाकारणें ही लाजेची गोष्ट आहे.

ही फेड कशी करावयाची? प्रथम घोड्यापुरती. ग्रीक लेखक झेनोफन यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याकडून जबरीनें करवून घेतलेल्या हालचालींत समज नसते आणि सौंदर्यही नसतें, असा त्याचा अभिप्राय आहे. आपल्याकडे द्रोणपर्वांत जयद्रथवधाच्या दिवशीं, सूर्यास्ताची मुदत डोक्यावर असतां, श्रीकृष्ण रणांगणांतच घोडे सोडतो, त्यांच्या अंगांतले बाण काढतो, त्यांना पाणी पाजतो. आणि तोंवर अर्जुन पायउतार होऊन लढतो. प्रतिज्ञेवर प्राण लागलेला असतांही जर घोड्याची तहान थांबूं शकली नाहीं, तर आपल्या सहलीची घाई ती काय? ही फेड अगदीं बारीकसारीक गोष्टींत असते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारें पंचमांशाहून अधिक भार होऊं नये, असें जाणते लोक सांगतात. तो हिशेब चढण्यापूर्वीं करणें, तीव्र उतारावर खालीं उतरणें, तंग सैल करून पाठ पाहणें, लंगडणाऱ्या जनावरावर बसण्यास नकार देणें, ही ती फेड. घोड्याला नकार देतां येत नाहीं, म्हणून त्याच्या वतीनें तो स्वारानें द्यावयाचा असतो.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांना यलोस्टोन दूर आहे. पण माथेरान दूर नाहीं. तेथें सर्वसाधारण मोटारींना गांवांत बंदी असल्यामुळें दस्तुरी नाक्यापासून कित्येक कुटुंबें घोड्यावरून जातात. घोड्याबरोबर एक माणूस तांबड्या धुळींतून पायीं चालत असतो, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. वर बसलेल्याची नजर दरीकडे असते, त्याची घोड्याच्या टापांकडे. मुक्कामावर पोंचल्यावर "काय सुंदर देखावा!" असे उद्गार निघतात, आणि लागलीच त्या माणसाशीं दहावीस रुपयांसाठीं घासाघीस सुरू होते. घासाघीस करणारे दुष्ट नसतात. घरीं तीं सालस, सुशिक्षित माणसें असतात. त्यांना देखावा फुकट वाटतो आणि भाडें तेवढें खर्च वाटतें, इतकेंच. वस्तुतः त्या पैशांतच घोड्याची चंदी आणि पावसाळ्यांतले रिकामे महिने असतात. ऋणाची जाणीव असणाऱ्यानें त्या ठिकाणीं हात आखडूं नये, आणि मुलांना घोड्याचें नांव विचारावयास शिकवावें. नांव ठाऊक असलेल्या प्राण्याला चाबूक मारणें थोडें कठीण जातें.

माणसांच्या ऋणाची फेड याहून अवघड. कारण ज्यांचें गेलें ते परत येत नाहींत. तेथें पहिला हप्ता सत्य सांगण्याचा असतो. १८७० च्या ज्या मोहिमेचा उल्लेख वर आला, तिच्याबरोबर डोन नांवाचे एक लष्करी अधिकारी होते. त्याच वर्षीच्या जानेवारींत पीगन लोकांच्या छावणीवर झालेल्या हल्ल्यांत त्यांचा प्रमुख भाग होता, आणि त्यांत कमीत कमी १७३ माणसें मारलीं गेलीं. तरी उद्यानांतील एका शिखराला त्यांचें नांव दीर्घकाळ होतें. जून २०२२ मध्यें तें काढून, प्रथम रहिवाशांचा पर्वत अशा अर्थाचें नांव त्या शिखरास देण्यांत आलें. नांव बदलल्यानें मेलेलीं माणसें उठत नाहींत, हें आम्ही जाणतों. पण खोटी वही जाळल्यावांचून खरी वही लिहितां येत नाहीं.

कोणी म्हणेल, इतका हिशेब मांडल्यावर मजा ती काय राहिली? प्रत्येक टापेला आंकडा आणि प्रत्येक शिखराला फिर्याद! आमचा अनुभव तसा नाहीं. ज्या घरीं आपण जेवतों तेथें चुलीपाशीं कोण खपत आहे हें कळल्यानें अन्न बेचव होत नाहीं. उलट आपण पानांत टाकणें सोडतों आणि घांस सावकाश घेतों. त्याचप्रमाणें, ज्याच्या श्वासाचें धपापणें मांडीला जाणवतें त्याच्यासाठीं चढावर थांबणारा स्वार, थांबला म्हणूनच दरी नीट पाहतो. घाई न करणें ही घोड्याची फेडही आहे आणि डोळ्यांचें शिक्षणही आहे. खरें सांगावयाचें तर, जो आनंद हिशेब पाहिल्याबरोबर नाहींसा होतो, तो आनंद नसून बेफिकिरी होती असेंच म्हणावें लागेल.

एवढें करूनही वहींत एक रक्कम शिल्लक राहते, ती आम्ही लपवीत नाहीं. घोड्याची संमति आपल्याला कधींच मिळणार नाहीं. कितीही चंदी घातली, कितीही वेळां खालीं उतरलें, तरी तो आपल्याला वाहून नेतो तें त्यानें ठरविलें म्हणून नव्हे. कांहीं लोक ही शिल्लक पाहून स्वारी कायमची सोडतील. त्यांना आम्ही भावनाविवश म्हणणार नाहीं. कांहीं लोक स्वारी करतील आणि देणें मानतील. त्यांच्याबरोबर जाण्यास आम्हांला संकोच वाटणार नाहीं. परंतु जो वर बसून केवळ दूरच्या रानबैलाच्या स्वातंत्र्यावर प्रवचन करितो आणि मांडीखालच्या जनावराच्या पाठीला हात लावून पाहत नाहीं, त्याला निसर्गप्रेमी हें नांव द्यावयास मात्र आमचें मन घेत नाहीं.